साहेबांचा कोट

कोटाचा एक खांदा उतरला होता. आरशात चक्क दिसत होतं. शिवणकामाच्या चाळीस वर्षांत मास्तरांच्या हातून असा खांदा गेला नव्हता.

"साहेब, जरा ताठ उभे राहा बघू."

साहेब काही ताठ झाले नाहीत.

साहेब म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेले. मास्तरांच्याच वयाचे, मास्तरांच्याच अंगाचे. दोघांच्या मापात बोटाचाही फरक नाही. उद्या त्यांच्या लेकीचं लग्न. चारला येतो म्हणाले होते, आणि साहेबांचे चार म्हणजे कधी पाच, कधी उद्या! आज मात्र वेळेवर आलेले दिसत होते. मास्तरांनी शेवटचं बटण लावलं होतं, कोट झटकला होता, मग जरा गरगरल्यासारखं झालं होतं. पुढचं सगळं कापसात गुंडाळल्यासारखं. मान वर केली, तो आरशात कोट उभा.

दुपारचं ऊन दुकानात आडवं शिरलं होतं. त्यात कापडाचे तंतू सावकाश तरंगत होते. आतल्या खोलीत बायकोचं मशीन चाललं होतं, पण आवाज पार नदीपलीकडून आल्यासारखा वाटत होता. किती छान वाटतंय, मास्तरांच्या मनात आलं. त्यांच्या हातातला खडू खाली पडला. उचलायचा त्यांना कंटाळा आला. चष्मा कपाळावर होता, तोही तिथेच राहिला.

मास्तरांची खोडच होती, बोलायचं ते आरशाशी. "माणूस खोटं बोलतो, आरसा नाही," असं ते येईल त्याला ऐकवायचे.

"साहेब, तोंड का असं केलंय? कोट आवडला नाही?"

साहेबांच्या ओठाचा एक कोपरा खाली ओघळला होता.

मास्तरांची नजर आरशाच्या कडेला गेली. तिथे मास्तरांच्या लेकीने कागद चिकटवला होता. लेक नर्स. 'तोंड वाकडं होतंय? एक हात वर जात नाही? बोलणं अडखळतंय? घड्याळ बघा. लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा.' तेव्हा मास्तर तिला म्हणाले होते, "अगं बाई, लोक इथे कोट बघायला येतात, रोग बघायला नाही." ती म्हणाली होती, "बाबा, तो कागद काढलात तर याद राखा."

"साहेब, दोन्ही हात वर करा. असे." मास्तरांनी करून दाखवलं.

आरशात एकच हात वर गेला.

"साहेब, नाव सांगा तुमचं! नुसतं नाव!"

दुकानात नुसतं पुटपुटणं ऐकू आलं.

अरे देवा! उद्या पोरगी मांडवात उभी राहणार आणि बाप आज माझ्या दुकानात आडवा होणार? छे! मास्तरांनी घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं. तेवढं त्यांनी मनात घट्ट धरून ठेवलं आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "अगं ए, लवकर ये! साहेबांना बघ काय होतंय!"

आतलं मशीन थांबलं. बायको दारात आली आणि जागीच थिजली. पण क्षणभरच. वेळेला मोठी धीराची बाई! तिने फोन उचलला.

"ॲम्ब्युलन्स पाठवा. तोंड वाकडं झालंय, बोलणं कळत नाही. हो, आत्ताच. चार दहा. वय बासष्ट. बीपी आहे, चार दिवस गोळ्या घेतलेल्या नाहीत."

साहेबांच्या गोळ्यांचं हिला कसं ठाऊक? मास्तरांना नवल वाटलं. गोळ्या तर मास्तरही चुकवत होते. बटणांच्या डब्यात दडवत होते.

"त्यांना पाणी दे," मास्तर म्हणाले.

"काही बोलू नका. पाणीबिणी काही नाही, घशात अडकेल." तिने मास्तरांना धरून खुर्चीत बसवलं. तिचे डोळे भरले होते. परक्या माणसासाठी एवढा जीव टाकते, मास्तरांना तिचं फार कौतुक वाटलं.

आरशातले साहेब दिसेनासे झाले. बसले असतील तेही. वाचतील आता, वेळेत कळलं.

बाहेर ॲम्ब्युलन्स थांबली. स्ट्रेचर घेऊन दोघं आत आले. त्यांच्या मागोमाग घाम पुसत, धापा टाकत आणखी एकजण आत शिरला.

"मास्तर, उशीर झाला, माफ करा हं," पोस्टातले साहेब म्हणाले. "पण माझा कोट तुम्ही का घातलाय?"