पायरीपायरीचे गुण

दवाखान्यातल्या यंत्राने प्रमिलाबाईंना नवं मूत्रपिंड नाकारलं आणि त्यांच्या जगण्याच्या संभाव्यतेचं गणित पायरी-पायरीने छापून नवऱ्याच्या हाती दिलं. “चूक दाखवलीत तर निर्णय फिरेल, आजोबा,” काउंटरवरची मुलगी म्हणाली.

नवरा म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर खांबेटे. जन्मभर पोरांच्या चुका त्यांनी नुसत्या वासावरून ओळखल्या होत्या. यंत्राची काय कथा. लाल पेन काढून ते एकेक पायरी तपासत गेले. चिन्हं बरोबर, छेद बरोबर, उत्तरसुद्धा चौकटीत.

“सापडली का हो?” बाकावरून प्रमिलाबाईंनी विचारलं.

“मांडणी सुबक आहे,” मास्तर कसेबसे म्हणाले.

मुलीने कागद मागून घेतला. प्रत्येक पायरीपुढे मास्तरांच्या हाताने सवयीने केलेली बरोबरची लाल खूण तिने पाहिली, आणि खाली ‘हरकत नाही’चा शिक्का मारला.