अंगठ्याची जागा

म्हाताऱ्या खाटकाची नजर गेली, तसं मुलानं दुकान विकलं आणि सुऱ्या, सत्तूर, करवत, सगळं भंगारात घातलं. बाकी कशाचं म्हाताऱ्यानं नावही काढलं नाही. करवतीची मात्र हाय खाल्ली. "अरे, जन्म घासला मी तिच्यावर," एवढंच पुटपुटत जेवणाचं ताट बाजूला सारायचा. शेवटी मुलानं जुना बाजार पालथा घातला. एका ढिगाऱ्यात ती दिसली आणि त्यानं तत्क्षणी ओळखली, कारण तिच्या लाकडी मुठीवर बापाच्या अंगठ्यानं झिजून झिजून चांगला खोल खळगा पडला होता.

सुट्टीचा अख्खा दिवस तो अंगणात ठाण मांडून बसला. पात्याचा गंज खरवडून काढला, एकेका दाताला कानस मारली, तेल दिलं. आता हात घातलाच आहे तर मूठ तरी कशाला बेढब ठेवायची, म्हणून भुसा आणि गोंद भरून तो खळगा बुजवला आणि वर पॉलिशचे दोन हात मारले. मूठ अशी झाली की माशी बसली तर घसरून पडेल.

"बाबा, ओळखा पाहू ही कुणाची!" म्हणत त्यानं मोठ्या ऐटीत करवत बापाच्या हातात दिली.

म्हाताऱ्याचा अंगठा मुठीवर बराच वेळ इकडेतिकडे फिरत राहिला. मग त्यानं करवत परत केली.



"असेल कुणातरी ऐतखाऊची. लेकाच्यानं जन्मात काही काम केलेलं दिसत नाही!"