ताकदीची गोळी

घरी अँटिबायोटिक सुरू करून आठवडा होत आला तरी इंदुमतीचा ताप उतरेना, तेव्हा नरहररावांनी बायकोला दवाखान्यात भरती केलं. मूत्रपिंडातला जंतुसंसर्ग रक्तात पसरायला लागला होता.

"अँटिबायोटिक वेळच्या वेळी दिलं ना?" डॉक्टर तांबोळीबाईंनी विचारलं.

"एकदाही चुकवलं नाही. जड औषधानं अशक्तपणा येऊ नये म्हणून त्याच्यासोबत ही ताकदीची गोळीही देत होतो," नरहरराव जरा अभिमानानंच म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून डबी काढली.

डबीवरचं वाचता वाचता डॉक्टरांचा चेहरा बदलला. "काका, यात लोह आणि झिंक आहे. ते या अँटिबायोटिकला पोटातच बांधून ठेवतं. औषध रक्तात पुरेसं पोचलंच नाही. दोन्हींत काही तासांचं अंतर हवं होतं."

"म्हणजे माझ्यामुळे हिला..." नरहरराव बाकावर बसले.

सलाईनमधून औषध सुरू झालं. जीव टांगणीला लावून ताप अखेर उतरला. मग नर्सनं तोंडावाटे घ्यायची पहिली गोळी नरहररावांपुढे धरली, तसे ते मागे सरले.

"तुम्हीच द्या, सिस्टर. माझ्या हातून नको."

डॉक्टरांनी इंदुमतीला सगळं सांगितलं होतं. ती नवऱ्याच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"मी ह्यांच्याच हातून घेणार," ती नर्सला म्हणाली आणि तिनं तोंड उघडलं.