उपवासांचे कारण

"सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, आणि आता मंगळवारही? एवढे उपवास कशासाठी, मावशी?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

माझ्या पत्नीने मान खाली घातली. "जेवलं की अर्ध्या तासानं पोटात पीळ पडतो. ह्यांना कशाला घोर लावायचा? देवाचं नाव सांगितलं की कुणी आग्रह करत नाही."

तिच्या भक्तीची मी गावभर प्रशंसा करीत होतो. ती वाळून निम्मी झाली, तरी मज अज्ञानी माणसास काही उमगले नाही. आतड्यांच्या रक्तवाहिन्यांना सूज आल्यामुळे अन्न पचविण्यापुरते रक्त तेथे पोहोचत नाही, असे बाईंनी समजाविले आणि तिला दवाखान्यातच ठेवून घेऊन औषध सुरू केले.

नवव्या दिवशी, बाईंच्या अनुमतीने, मी तिला स्वहस्ते मऊ भात भरविला. तदनंतर तिचा हात हाती धरून घड्याळाकडे पाहत बसलो. अर्धा तास सरला, पाऊण तास सरला.

"दुखतंय का? आता लपवू नकोस," मी विनविले.

"दुखत नाही हो," ती म्हणाली. "भूक लागलीय. आणखी आहे?"

डबा रिकामा होता. तो घेऊन मी घराकडे असा धावलो, की चपला तिच्या खाटेखालीच राहिल्या.