पहिला फोन

बायको गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आणि धाकट्या बहिणीला कळवायचं काम त्याच्यावर आलं. आजवर फोनवर बोलताना तो अडखळला, की बायको हातातून फोन काढून घ्यायची. स्पीच थेरपीच्या मॅडम तिच्यावर रागवायच्या, "त्यांचं त्यांना बोलू द्या हो!" ती हसून म्हणायची, "उद्यापासून नक्की, मॅडम."

रात्रभर जागून दमलेला तो दवाखान्याच्या जिन्यात बसला. मॅडमनी शिकवल्याप्रमाणे सावकाश श्वास सोडत त्याने सुरुवात केली.

"अगं, तुझी वहिनी... ग... ग... ग..."

पलीकडून बहीण नेहमीच्याच मायेने म्हणाली,



"दादा, कशाला जिवाला त्रास करून घेतोस? दे बरं वहिनीकडे फोन."