खारा कापूस

"कापसाच्या गठाणी उतरवल्या का येतोच मी, अमिना." लढाईच्या काळात नांदुऱ्याच्या स्टेशनावर मेहबूब एवढं बोलला आणि मालवाहू जहाजांच्या कंपनीत खलाशी म्हणून निघून गेला.

तो आलाच नाही. त्याला भरती करणारे उकंडराव म्हणाले, "परमुलखात दुसरा घरोबा केला त्यानं." तेव्हापासून वीस वर्षं सारा मोहल्ला तिला टाकलेली म्हणत आला. ती कापूस पिंजून पोट भरत राहिली.

आज उकंडराव लेकीच्या लग्नातल्या गादीसाठी कापूस घेऊन आले. अमिनानं पिंजणाची तात छेडली. कोरडा कापूस तातीवर गातो. हा मुका राहिला.

"ओला आणला का हो, भाऊ?"

"काऊन थट्टा करतं वं? चार दिवस उन्हात होता."

तिनं पुन्हा तात छेडली, तशी कापसातून पाण्याची धार सुटली. भर चैत्र होता, गावातल्या विहिरी आटलेल्या. अमिनानं बोट बुडवून जिभेला लावलं.

"खारट हाय," ती म्हणाली.

पाणी सारवलेल्या भुईवरून थेट उकंडरावांकडे गेलं आणि त्यांच्याच अंगावर चढू लागलं. घोटे बुडाले, गुडघे बुडाले. शेजारी बसलेल्या अमिनाचा पदर कोरडा होता.

"थांबव, अमिना!"

"मी कुठं काय करून राह्यली? हात तर केव्हाचे मांडीवर हायत."

पाणी छातीशी आलं.

"त्यानं तुले टाकलं नव्हतं वं!" उकंडराव ओरडले. "जहाज पहिल्याच खेपेत बुडालं. ते गावाले सांगतलं असतं, त मले भरतीले दुसरं माणूस भेटलं नसतं."