दिव्यांची टोपी

"सरकतेय ही," आई म्हणाली आणि तिने टोपी पुन्हा लेकीच्या कपाळावर ओढून धरली.

काळ्या रबरी टोपीला आतून बारीक दिवे होते. त्यांचा उजेड कवटीतून आत शिरायचा आणि मेंदूत रक्त कुठे धावतंय ते पडद्यावर दिसायचं. मोठ्या एमआरआय मशीनमध्ये लेकीला घालता येत नव्हतं. अपघातानंतर डोक्यात धातूची पट्टी बसवली होती. चार महिने ती हलली नव्हती की बोलली नव्हती. आज काही दिसलं तर इथले उपचार चालू राहणार होते. नाही दिसलं तर घरी न्या, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

"पोहायला निघाल्यासारखी दिसतेय," बाबा उगाच म्हणाले. कोणी हसलं नाही.

"आता हाक मारा," टोपी बनवणारी इंजिनिअर म्हणाली. "घरी मारता तशी."

"खारू... ए खारूताई, ऊठ ना गं."

पडद्यावरची रेघ टुणकन उडाली.

"ओळखलं! आईचा आवाज ओळखला तिनं!" बाबांनी खिडकीशी जाऊन बहिणीला फोन लावला.

आईही हसणार होती. तेवढ्यात तिला आपला अंगठा जाणवला. टोपी धरता धरता तो कडेखाली गेला होता, थेट एका दिव्यावर. तिची छाती धडधडत होती आणि रेघ त्याच तालावर उडत होती.

गप्प बसलं तर? कोणाला कळणार होतं? रेघ आणखी जोरात उडायला लागली.

"छान," पडद्यावरून नजर न काढता इंजिनिअर म्हणाली. "यापुढे तिचं म्हणणं आम्ही टोपीतल्या याच दिव्यावरून ऐकू."

आईने अंगठा काढला. रेघ सपकन खाली आली.

"तो माझा अंगठा होता," ती म्हणाली. "मी घाबरलेय हो."

इंजिनिअरने आधीची नोंद पुसली, टोपी नीट बसवली. "पुन्हा हाक मारा."

आईने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. खिडकीशी फोनमधून आत्याचा रडका, आनंदलेला आवाज येत होता, "बोलत राहा रे दादा तिच्याशी, ऐकतेय ती!"

आईने पडद्याकडे पाठ फिरवली आणि हाक मारली, "खारू..."